मागे माणसं थांबलीत: गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाताना

वडखळ नाक्यावर मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी ज्यांनी दोन तास काढलेत, त्यांना गोल्फमधला संथ खेळ वेगळा समजावून सांगायला नको. पुढे कुठेतरी एक ट्रक टायर फुटून उभा असतो आणि मागच्या रांगेत कुणाची गाडी किती पळते याला काही अर्थ उरत नाही. गोल्फ कोर्स हाही असाच एकपदरी रस्ता आहे. साधारण आठ-दहा मिनिटांच्या अंतराने चौघांचा एकेक गट पहिल्या टीवरून, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवरून, सुटतो आणि अठरा होल, म्हणजे टीपासून भोकापर्यंतचे अठरा टप्पे, त्याच क्रमाने पुरे करतो. तुमच्या गटाने कुठे दहा मिनिटं घालवली की मागच्या गटाची दहा गेली, त्याच्या मागच्याचीही गेली, आणि भर उन्हात शेवटचा गट अजून बाराव्या होलवर घाम पुसत बसलेला असतो.

मी अलिबागचा. खारघरला पांडवकड्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत सिडकोने केलेल्या कोर्सवर खेळायला शिकलो. त्यासाठी पहाटे उठून पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा प्रवास करायचा. कोकणपट्टीत गोल्फ म्हटलं की आधी मुंबईच आठवते: १९१८ सालचा विलिंग्डन, चेंबूरचा १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी, कुलाब्याला समुद्राच्या काठावरचा यूएस क्लब. हे सगळे सभासदांचे क्लब. तिथे कुणीतरी नेल्याशिवाय आपण जात नाही, आणि जो नेतो तोच कानात सांगतो की इथे उभा राहू नकोस, तिथून चालू नकोस. आपल्यासारखे जे चाळिशीत, ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने सुरुवात करतात, त्यांना हे सांगणारं कुणी नसतं. स्विंग शिकवायला कोच मिळतो, व्हिडिओ मिळतात. कुठे उभं राहायचं आणि बॅग कुठे ठेवायची, हे मात्र चारचौघांत तोंड वाकडं झालेलं पाहून शिकावं लागतं. मी तसंच शिकलो.

आधी थोडं गणित

नवा खेळाडू अठरा होलना शंभर फटके सहज मारतो, म्हणजे चौघांचे मिळून चारशे. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून गोल्फचे नियम ठरवतात. २०१९ साली त्यांनी नियम नव्याने लिहिले, तेव्हा नियम ५.६ मध्ये एक शिफारस घातली: समोर काही अडथळा नसेल तर फटका चाळीस सेकंदांच्या आत मारावा, आणि बहुतेक वेळा त्याहूनही लवकर मारता यायला हवा. ऐकायला चाळीस सेकंद म्हणजे काहीच नाही. पण चारशे फटके गुणिले चाळीस सेकंद करून बघा. सोळा हजार सेकंद, म्हणजे जवळपास साडेचार तास. यात चालणं धरलेलं नाही, बॉल शोधणं नाही आणि मधल्या टपरीवरचं लिंबू सरबतही नाही. तेच फटके वीस-वीस सेकंदांत झाले तर सव्वादोन तास. चौघांनी चालत खेळलेले अठरा होल एकूण चार-साडेचार तासांत व्हावेत अशी साधारण अपेक्षा असते. ती पुरी होईल की नाही, हे या वीस सेकंदांवर ठरतं.

आता नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. लवकर खेळायचं म्हणून तो स्विंग घाईत मारतो. बॉल झाडीत जातो, शोधायला पाच जण लागतात, आणि वाचवलेल्या चार सेकंदांच्या बदल्यात पाच मिनिटं जातात. खरं तर स्विंगला दीड-दोन सेकंदांपलीकडे लागत नाहीत. वेळ जातो तो त्याच्या आधी: ‘आता माझी पाळी का?’ विचारण्यात, हातमोजा शोधण्यात, झेंडा किती लांब आहे यावर कॅडीशी, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याशी, चर्चा करण्यात, सातचा आयर्न (फटका मारायची काठी, म्हणजे क्लब) परत बॅगेत टाकून आठचा काढण्यात. ही सगळी कामं दुसरा माणूस फटका मारत असताना, आवाज न करता, उरकता येतात. माझा पहिला महिनाभर असा शिरस्ता होता की बाकीचे तिघे मारेपर्यंत मी कमरेवर हात ठेवून मॅच बघितल्यासारखा उभा राहायचो आणि मग तयारीला लागायचो.

खिशात काय हवं

बॅग घरीच, आदल्या रात्री लावा. कोर्सवर मात्र बॅगेवर अवलंबून राहू नका, खिशावर राहा. एका खिशात एक जास्तीचा बॉल, चार टी (पहिल्या फटक्याला बॉल ठेवायच्या खुंट्या), बॉलची जागा खुणावायला एक मार्कर आणि पिचमार्क, म्हणजे बॉल आदळून पडलेला खळगा, दुरुस्त करायचा छोटा काटा. मार्कर म्हणून एक रुपयाचं नाणं चालतं. बॉलवर पेनने स्वतःची खूण करून ठेवा, दोन ठिपके काढा नाहीतर नावाचं अक्षर घाला. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, दोघांचे एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे बॉल शेजारी-शेजारी सापडले की कोणता कुणाचा यावर जो खल होतो, तो बघण्यासारखा असतो. शिवाय कुणाचा ते ओळखता आलं नाही तर नियमाने दोघांचेही हरवलेले धरले जातात.

मोबाइल सायलेंटवर. फोन घ्यायचाच असेल तर बाजूला होऊन, आणि तुमच्यासाठी गट थांबणार नाही हे धरून. अर्धा तास आधी पोचा. टी टाइम सहा-चाळीसचा असेल तर सहा-चाळीसला पहिला फटका मारायचा असतो. त्या वेळी पार्किंगमध्ये बूट बांधत बसलेले असू नका.

पहिल्या टीवर

प्रत्येक होलला वेगवेगळ्या रंगांचे टी असतात, पुढचे आणि मागचे. नव्या खेळाडूने पुढच्या टीवरून खेळावं. यात कमीपणा काही नाही, पण आपल्याकडे पुढच्या टीला ‘लेडीज टी’ म्हणायची सवय आहे आणि त्या दोन शब्दांपायी पुरुषांचे किती तास वाया गेलेत त्याला हिशेब नाही. ज्याचा ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) नीट लागला तर दीडशे यार्ड जातो, त्याने चारशे यार्डांच्या होलला मागून सुरुवात केली तर ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, गाठायला तीन चांगले फटके हवेत, आणि नव्याचे लागोपाठ तीन चांगले फटके मी अजून पाहिलेले नाहीत. तोच होल पुढून तीनशेचा होतो. एक फटका गुणिले अठरा गुणिले चार. गणित वर झालंच आहे.

दुसरा मारत असताना त्याच्या मागे, म्हणजे बॉल आणि निशाण यांच्या रेषेत, उभं राहू नका. त्याच्या छातीसमोर, चार-पाच पावलं लांब, त्याला दिसाल पण खुपणार नाही असे उभे राहा. सावली त्याच्या बॉलवर पडू देऊ नका. सकाळच्या उन्हात सावल्या लांब असतात. बोलणं बंद. खिशातली नाणी वाजवणंही बंद. ‘बघा हां, डावीकडे पाणी आहे’ हा सल्ला मनातच ठेवा. तो ऐकल्यावर कुणाचाही बॉल उजवीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

पुढचा गट आपल्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचं नाही. आणि बॉल कुणाच्या दिशेने जातोय असं नुसतं वाटलं तरी लगेच, पोटातून ओरडायचं: ‘फोर!’ लाजायचं नाही. ‘सॉरी’ नंतर. मालवणीत कुणी ‘डोक्या सांभाळ रे!’ असं ओरडलं तरी माझी हरकत नाही, फक्त वेळेत ओरडा.

आणि आता टीवरची सर्वात कामाची गोष्ट. बॉल झाडीत किंवा कोर्सबाहेर गेल्याची शंका आली तर तिथेच दुसरा बॉल लावून मारा. मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असं मोठ्याने सांगा. न सांगता मारलात तर तोच तुमचा खरा बॉल ठरतो, पेनल्टीसकट, आणि मग पहिला सापडला तरी उपयोग नाही. सांगून मारलात आणि पहिला सापडला नाही, तर परत टीपर्यंत उलट चालत यावं लागत नाही. उलट चालत येणाऱ्या माणसाकडे मागचा गट कसा बघतो, ते अनुभवू नका.

फेअरवेवर: ज्याची तयारी, त्याचा फटका

गोल्फचे पहिले लिखित नियम १७४४ चे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. एकूण तेरा. त्यात एक असा होता की ज्याचा बॉल होलपासून सर्वात लांब त्याने आधी मारायचं. पावणेतीनशे वर्षं जग हेच धरून चाललं. २०१९ च्या नियमांनी मात्र स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे फटके मोजून खेळायच्या नेहमीच्या प्रकारात, उघडपणे सांगितलं की कुणाला धोका नसेल तर जो तयार आहे त्याने मारावं. याला ‘रेडी गोल्फ’ म्हणतात. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या प्रकारात, पाळीला महत्त्व आहे, पण तिथेही दोघांनी संमतीने, वेळ वाचवण्यासाठी, पाळी मोडायला मुभा आहे.

प्रत्यक्षात फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, काय करायचं? टीवरून चौघांनी मारलं की चौघांनी एका बॉलकडे मिरवणुकीने जायचं नाही. प्रत्येकाने थेट आपल्या बॉलकडे जायचं, वाटेतच अंतराचा अंदाज घ्यायचा, पोचल्यावर क्लब काढून ठेवायचा. लांबचा माणूस अजून ग्रीन रिकामं होण्याची वाट बघतोय आणि तुमचा बॉल तेवढा जाणारच नाही, तर तुम्ही मारा. फक्त आधी हात वर करून सांगा, ‘मी मारतोय’. दोघांनी एकदम मारायचं नाही.

गवताचा तुकडा उडाला तर तो खड्डा, म्हणजे डिव्हॉट, भरून पुढे जायचं. इथे एक गंमत सांगतो. गोल्फवाले ज्याला मोठ्या तोऱ्यात ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात ती आपली हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो तीच दूर्वा. कोर्सवर बहुतेक तिचे संकर लावलेले असतात. हरळीचा उडालेला तुकडा बऱ्याचदा विस्कटलेला असतो, तो परत बसवून जगत नाही. त्यापेक्षा खड्ड्यात वाळू भरून, पायाने सपाट केली की आजूबाजूचे धावते कोंब चार दिवसांत वर चढतात. कॅडीकडे वाळूची पिशवी असते. नसेल तर विचारा.

बॉल हरवला

माझा तिसरा की चौथा राऊंड. डोंगराच्या बाजूला बॉल गेला, करवंदीच्या जाळीत. बॉल नवा, डझनाच्या खोक्यातून त्याच सकाळी काढलेला. मी जाळीत शिरलो. बाकीचे तिघेही आले, हातातल्या क्लबने फांद्या वर करू लागले. कॅडी पन्नाशीचे, तिथल्याच गावातले, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी दोन मिनिटं शोधलं आणि मग टीकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे आठ माणसं उभी होती. आठही जणांचे हात छातीवर घडी घातलेले.

‘दादा,’ मामा हळूच म्हणाले, ‘गावनार नाय तो आता. सोरा त्याला.’

मी म्हटलं, ‘अहो मामा, नवीन होता.’

‘ती मानसं पन नवीन नायत. रोज येतात.’

नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. आधी पाच होती, २०१९ ला तीन केली. तीन मिनिटं शोधायला लागल्यापासून मोजायची. ती झाली की बॉल हरवला, मग चौथ्या मिनिटाला तो पायाखाली आला तरी. तिघांनी आधी आपापले फटके मारून मग शोधायला यायचं, म्हणजे खेळ चालू राहतो. आणि बॉल उडतानाच कुठे पडला ते नीट बघायचं, एखाद्या झाडाची, खांबाची खूण धरून. दुसऱ्याचा बॉलही बघायचा. आपला फटका बिघडला की माणूस मान खाली घालून क्लब आपटतो, आणि नेमक्या त्याच तीन सेकंदांत बॉल कुठे गेला ते बघायचं राहतं.

काही कोर्सवर स्कोअरकार्डाच्या मागे एक स्थानिक नियम छापलेला असतो: हरवलेल्या बॉलसाठी परत मागे न जाता, तो हरवला त्या अंदाजाने फेअरवेच्या कडेला नवा बॉल ड्रॉप करायचा, दोन पेनल्टी फटके धरून. प्रोव्हिजनल मारायला विसरलात तर हा उपयोगी पडतो. कार्ड खेळण्याआधी उलटून बघा. मित्रांबरोबर नुसतंच खेळत असाल तर विचारूसुद्धा नका, बॉल टाका आणि चालू लागा.

रफमध्ये हात घालताना मात्र कोकणात आहोत हे विसरू नका. वाळलेलं गवत, जांभ्याचे दगड, त्यांच्या सांदी. फुरसं अशाच जागी बसतं आणि ते मातीच्या रंगाचं असतं. आधी क्लबने गवत हलवा, मग बघा, हात शेवटी. बॉल दिसतोय पण शेजारी जनावर आहे, अशी वेळ आली तर नियमही तुमच्या बाजूने आहे. नियम १६.२ मध्ये धोकादायक प्राण्यांपासून विनापेनल्टी सुटका आहे. तिथे विषारी साप, मधमाश्या, मगरी आणि अस्वलंसुद्धा नावानिशी दिलीत. सुरक्षित जागी दुसरा बॉल ड्रॉप करा. ड्रॉप करताना हात गुडघ्याच्या उंचीवर. खांद्यावरून टाकायची पद्धत २०१९ लाच गेली. आणि कावळ्याने किंवा माकडाने पडलेला बॉल उचलून नेला, आणि ते खरंच दिसलं असेल, तर त्याच जागी दुसरा ठेवायचा, पेनल्टी नाही. कावळ्याच्या मागे धावायची गरज नाही. मी एकदा धावलोय.

बंकर

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उतरताना बॉलच्या जवळच्या, कमी उंचीच्या कडेने उतरा. उभ्या कडेवरून उडी मारली की कड ढासळते. दाताळं आधीच हाताशी घेऊन ठेवा. फटक्याआधी क्लब वाळूला टेकवायचा नाही. मारून झालं की आपला खड्डा आणि पावलं पुसत मागे-मागे यायचं. मागून येणाऱ्या कुणाचा बॉल तुमच्या टाचेच्या खळग्यात बसला तर त्याला तो तसाच मारावा लागतो. तीन वेळा मारूनही बॉल बाहेर आला नाही तर मैत्रीच्या खेळात उचला आणि बाहेर टाका.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर सराव करून बंकरची तयारी होते असं आमच्याकडे काही जण मानतात. होत नाही. पुळणीची दाबलेली वाळू आणि बंकरमधली सुटी वाळू यांचं वागणं वेगळं. किनाऱ्यावर बाकी माणसंही असतात, ती गोष्ट वेगळीच.

ग्रीनवर

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त अब्रू इथेच जाते.

ग्रीनकडे येतानाच बॅग किंवा ट्रॉली कुठे ठेवायची ते ठरवा. ती पुढच्या होलच्या टीकडे जाणाऱ्या बाजूला ठेवायची. नवे लोक ती ग्रीनच्या अलीकडे सोडतात आणि पट, म्हणजे भोकाकडे घरंगळवायचा फटका, झाल्यावर परत मागे येतात, मागचा गट फेअरवेवर ताटकळत असताना. ट्रॉली ग्रीनवर न्यायची नाही.

वर आलात की आधी आपल्या बॉलने केलेला खळगा शोधा. उंचावरून पडलेला बॉल मऊ ग्रीनवर आदळला की वाटीएवढा डाग पडतो, कडेला माती उचललेली असते. तो लगेच दुरुस्त केला तर लवकर भरतो, तसाच राहिला तर मुळं उघडी पडून जागा वाळते आणि कित्येक दिवस पिवळा ठिपका दिसत राहतो. मामांनी मला हे गुडघ्यावर बसवून दाखवलं. मी काटा खळग्याच्या मध्यात खुपसून, डोसा उलटतात तसा, तळ वर उचलत होतो. त्यांनी माझा हात धरला. काटा खळग्याच्या बाहेर, कडेला, तिरका घालायचा आणि कड मध्याकडे ढकलायची. उचलायची नाही, उचललं की खालची मुळं तुटतात. असं चारी बाजूंनी, शिंपल्यासारखं तोंड बंद होईल इतकं. मग पटरच्या तळाने हलकेच थापटायचं. दहा सेकंदांचं काम आहे. ‘आपला एक, आनि वाटेत दिसंल तो एक,’ असा त्यांचा हिशेब. मी आता दोन करतो. बुटांच्या ओरखड्यांसह ग्रीनवरचं जवळपास कुठलंही नुकसान आता नियमाने दुरुस्त करता येतं. २०१९ आधी तसं नव्हतं.

दुसऱ्याच्या बॉलपासून होलपर्यंतची जी रेषा, तिच्यावर पाय द्यायचा नाही. लांबून वळसा घ्या किंवा ओलांडून जा, देवळात बसलेल्या पंगतीतून वाढपी जातो तसे. तुमचा बॉल कुणाच्या रेषेत असेल तर मागे मार्कर ठेवून उचला. उचलताना चुकून हलला तर घाबरू नका, परत जागेवर ठेवा, पेनल्टी नाही.

पटची रेषा वाचायची ती दुसरा वाचत असताना, आपल्या बाजूने. टीव्हीवरचे खेळाडू चारी दिशांनी उकिडवे बसतात, पटर लोंबकळत धरून एक डोळा मिटतात. त्यांच्या एका पटवर लाखो रुपये असतात. आपल्या पटवर दुपारचं जेवण. मागून एकदा बघा, मारा. झेंड्याचा दांडा आता होलमध्येच ठेवून पट करता येतो, म्हणून ‘काढू का, ठेवू का’ हा घोळही संपला. बॉल एक हात अंतरावर थांबला तर मार्क करत बसू नका, सरळ घाला. दुसऱ्याच्या रेषेत पाय येत नसला म्हणजे झालं.

शेवटचा बॉल आत गेला की ग्रीन सोडा. गुण मांडायला तिथे उभं राहायचं नाही. ‘तुला सहा की सात? थांब, टीवरून एक, मग झाडात दोन...’ ही मोजणी पुढच्या टीवर, कुणीतरी मारत नसताना. होल हाताबाहेर गेलाच असेल, पारच्या, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले असतील, तर बॉल खिशात घाला. स्टेबलफर्ड, म्हणजे होलगणिक गुण मिळायच्या, पद्धतीत तर गुण मिळायची शक्यता संपली की उचलणं हेच शहाणपण. नवशिक्याने बॉल उचलला म्हणून त्याला कुणी नाव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. अकराव्या फटक्यासाठी वाकणाऱ्याला ठेवतात.

पुढे किती जागा आहे?

कोर्सवर आपण मागे पडलोय का, हे मागे बघून कळत नाही. मागे कुणीच नसलं तरी तुम्ही संथ असू शकता. पुढे बघा. पुढचा गट नेहमी दिसायला हवा. तुम्ही चार पारच्या टीवर आलात आणि पुढचे ग्रीन सोडून निघूनही गेले, पूर्ण होल रिकामा, तर तुम्ही वडखळचा ट्रक आहात. तेव्हा दोन होल झपाट्याने चाला, झाला दुरावा भरून काढा. भरत नसेल आणि मागचे ताटकळत असतील तर त्यांना पुढे सोडा.

सोडायची सोपी जागा म्हणजे तीन पारचा होल. तुम्ही ग्रीनवर पोचलात की बॉल मार्क करून बाजूला व्हा, हात हलवून मागच्यांना मारायला सांगा. ते ग्रीनकडे चालत येईपर्यंत तुमचे पट होतात, आणि पुढच्या टीवरून ते आधी निघतात. चार पारला टीवरच थांबून ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हटलं तरी चालतं. एकदा हात केला की मग मध्येच आपण मारायचं नाही. आणि पुढे जाणाऱ्यांनी ‘थँक यू’ म्हणून पटपट निघावं; गप्पा मारत उभं राहणारेही मी पाहिलेत. मागच्यांना सोडणं हा अपमान आहे अशी समजूत आपल्याकडे का आहे कळत नाही. रस्त्यावर आपण साइड देतो, तेव्हा कुठे अपमान होतो?

कॅडी, माळी, मावशी

कॅडीला एकेरी हाक मारू नका, वयाने लहान असला तरी. त्याचे दर काउंटरवर आधीच विचारून घ्या, शेवटी घासाघीस नको. त्याचं ऐका, पण प्रत्येक फटक्याआधी त्याची परिषद भरवू नका. फटक्यासाठी पाय रोवायला लागलात की कॅडीने तुमच्या मागे, बॉलच्या रेषेत, उभं राहायचं नाही हा नियम आहे. ‘थोडं डावीकडे, साहेब’ हे मागून सांगणं स्पर्धेत महागात पडतं.

ग्रीनवर माळी काम करत असेल, फेअरवेवर मावश्या खुरपत बसल्या असतील, तर त्यांनी बघून हात करेपर्यंत मारायचं नाही. त्या उठून बाजूला होतात, तेव्हा एक हात वर करावा. एवढंच.

पावसाळ्यात

जूनपासून चार महिने खेळ निम्माच होतो, पण ज्यांना चिखलाचं वावडं नाही त्यांना कोर्स मोकळा मिळतो. साचलेल्या पाण्यात बॉल पडला तर जवळच्या कोरड्या जागी ड्रॉप, पेनल्टी नाही. बंकरमध्ये पाणी असेल तर फुकटची सुटका बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक फटका. बॉल स्वतःच्याच धक्क्याने मातीत रुतला तर बंकर आणि पेनल्टी एरिया (तळं-ओढ्यासारखा लाल-पिवळ्या खुणांचा भाग) सोडून बाकी कोर्सवर तोही विनापेनल्टी काढता येतो. बग्गी असेल तर ती ठरलेल्या रस्त्यावरच ठेवायची, चाकांचे चर गणपतीपर्यंत दिसतात. आणि वीज चमकली, भोंगा वाजला, की बॉल आहे तिथे सोडून आत. झाडाखाली नाही, छत्री उघडून तर अजिबात नाही. ‘एवढा पट करून जातो’ म्हणणाऱ्याला ओढून न्या.

अठराव्यानंतर

टोपी काढा, चौघांशी हात मिळवा, कॅडीशीही. हे सगळं ग्रीनच्या बाहेर येऊन, मागचे मारायला थांबलेत हे लक्षात ठेवून. कार्ड तपासा, सही करा. काटा खिशात आहे का बघा. माझे वर्षाला तीन हरवतात. क्लब गाडीत टाकण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, विशेषतः वाळूतून मारायचा वेज. खारा वारा आणि ओली वाळू यांनी आठवड्यात तांबूस डाग धरतात, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर बॅग ओटीवर नका ठेवू, घरात घ्या. हातमोजा मात्र दांडीवर, सावलीत वाळत घाला. उन्हात तो सुक्या बोंबलासारखा होतो आणि पुढच्या रविवारी पहिल्या टीवर तो बोटांत चढवता चढवता चाळीस सेकंद जातात.